बागूलकाका सी-प्लस-प्लस शिकतात

लहानपणी मी जेवताना कुरकुर केली की आई मला बागूलबुवाची भीती घालायची. खरा बागूल मला भेटला तो वयाच्या तेविसाव्या वर्षी, सातपूरच्या कंपनीत. नोकरीचा माझा पहिला दिवस होता आणि कँटीनमध्ये ते माझ्यासमोर जेवायला बसले होते. माझं जेवण झालं, हात धुऊन झाले, कँटीनवाल्यानं माझ्यापुरतं टेबलही पुसलं, तरी बागूलकाका दुसऱ्या पोळीचा पहिला तुकडा मोडत होते. मला उठलेली बघून ते म्हणाले, "सावकाश गं. पोट कुठं पळून जातंय?"

भास्कर नथू बागूल. गाव सटाण्याकडचं, घर सिडकोत. ठेंगणे, गोलसर, डोक्याला भरपूर तेल, अंगात फिकट निळा सफारी. खिशाला दोन पेनं असायची, एक लिहायचं आणि एक मागणाऱ्याला द्यायचं. मागणाऱ्याचं पेन मुद्दाम अडखळत लिहिणारं होतं, म्हणून ते नेहमी परत यायचं. लूनावरून कंपनीत येताना त्यांना सायकलवाले मागे टाकून पुढे जायचे आणि काका प्रत्येकाला मान हलवून जायची परवानगी द्यायचे. वर्तमानपत्र ते एक दिवस शिळं करून वाचत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ताज्या बातमीत खोटं किती आहे ते दुसऱ्या दिवशी कळतं. मग वाचायला बरं पडतं."

ते मुळात टाइम ऑफिसातले, हजेरी मांडणारे कारकून. कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो एका एसी खोलीत ठेवला होता. बाकीच्या कारकुनांनी सर्दी होईल म्हणून तिथं बसायला नकार दिला. बागूलांनी घरून स्वेटर आणला. एवढ्या पात्रतेवर ते कॉम्प्युटर सेक्शनमध्ये आले, फॉक्सप्रो शिकले आणि साऱ्या कंपनीचा पगार त्यांनी त्या मशीनमधून काढायला सुरुवात केली. शिकायला किती वेळ लागला हे कुणी विचारलं नव्हतं, कारण दुसरं कुणाला ते येतच नव्हतं.

मी आले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि कंपनीला घाई झाली होती. आमचे मॅनेजर टिपणीससाहेब म्हणजे तर घाईचा मूर्तिमंत अवतार. चहा उभ्यानं पीत आणि वाक्य अर्ध्यात सोडत, कारण तोवर पुढचं वाक्य तोंडात आलेलं असायचं. त्यांनी एके दिवशी काकांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"बागूल, फॉक्सप्रो संपलं. सगळी सिस्टीम आता सी-प्लस-प्लसमध्ये. ऑब्जेक्ट ओरिएंटेड. ही वृंदा इंजिनियर आहे, ती तुम्हाला रोज चार ते पाच... तीन महिने पुरे. पुण्याहून कन्सल्टंट येऊन परीक्षा घेईल. नाहीतर मग ते आपलं..."

ते आपलं म्हणजे व्हीआरएस. त्या काळात सातपूरमध्ये हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. शेजारच्या दोन कंपन्यांत स्वेच्छानिवृत्ती येऊन गेली होती आणि त्यातली स्वेच्छा कुणाची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांची मुलगी वैशाली लग्नाची होती आणि निवृत्तीला अजून सात-आठ वर्षं होती.

"तीन महिन्यांत?" काकांनी विचारलं.

"पुण्यात पोरं तीन आठवड्यांत शिकतात!"

"शिकत असतील," काका शांतपणे म्हणाले. "पुण्याची हवा कोरडी आहे."

ह्याचा अर्थ काय ते साहेबांना कळलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला मी त्यांच्या टेबलापाशी गेले तर ते उठून उभे राहिले. "या मॅडम, बसा." सकाळपासून मला "ए वृंदा, तो पंखा कमी कर" म्हणणारा माणूस! पुढे हा नियमच झाला. चार ते पाच मी मॅडम आणि अहो. पाच वाजले की पुन्हा अगं. एकदा शिकवता शिकवता सव्वापाच झाले तर म्हणाले, "अगं, वेळ संपली. आता तुझं ऐकायला मी बांधील नाही."

पहिला धडा मी कॉलेजात ऐकला होता तसाच सुरू केला. "समजा, गाडी हा एक क्लास आहे."

"कुठली गाडी?"

"कुठलीही."

"कुठलीही अशी गाडी नसते, मॅडम. माझी लूना आहे. साहेबांची फियाट आहे. कुठलीही म्हणजे कुणाची?"

"तेच तर, काका. गाडी कशी असते ह्याची नुसती कल्पना म्हणजे क्लास. आणि तुमची लूना म्हणजे ऑब्जेक्ट."

काका बराच वेळ खिडकीबाहेर सायकल स्टँडकडे बघत बसले. लूना तिथं उभी होती. मग त्यांनी अचानक वही मिटली. "आज एवढंच."

"अहो, अजून पाच मिनिटंही झाली नाहीत!"

"झालं ते फार झालं. लोणचं घातल्या दिवशी खातात का? मुरू द्या."

आणि तो एवढासा धडा त्यांनी आठवडाभर मुरवला. कंपनीत फिरताना ते प्रत्येक वस्तूपाशी थांबत. प्रेस शॉपमध्ये एका मशीनसमोर उभं राहून म्हणाले, "क्लास प्रेस. हा ऑब्जेक्ट. तो पलीकडचाही ऑब्जेक्ट. पण त्याचं तेल गळतंय, ह्याचं नाही. म्हणजे क्लास एक, पण प्रत्येकाचा हालहवाल वेगळा." ऑपरेटरनं घाबरून सुपरवायझरला बोलावलं, कारण ऑफिसातला माणूस मशीनकडे बघून पुटपुटला की ते मशीन विकायला काढतात असा अनुभव होता. दोन दिवसांत गेटवरचा वॉचमनसुद्धा त्यांना "या, ऑब्जेक्टसाहेब" म्हणायला लागला. काकांना राग आला नाही. "बरोबर आहे त्याचं," ते मला म्हणाले. "क्लास साहेब. त्यातला मी एक."

दुसऱ्या धड्याला मी प्रायव्हेट आणि पब्लिकवर आले. ऑब्जेक्टच्या आतली माहिती बाहेरच्यानं परस्पर हाताळायची नाही, ऑब्जेक्टनं दिलेल्या फंक्शनकडे मागायची, एवढंच ते होतं. काकांना पटेना. "पगार माझा, फाइल माझी, प्रोग्रॅम माझा. मग मला लपवाछपवी कशाला?" मी तीन-चार प्रकारांनी सांगून बघितलं. शेवटी नेहमीप्रमाणे वही मिटून, मुरू द्या म्हणून ते घरी गेले.

पुढच्या सोमवारी कंपनीतल्या फोनवर त्यांच्या बायकोचा, निर्मलाकाकूंचा फोन आला. तोही माझ्यासाठी.

"वृंदा ना गं तू? संध्याकाळी जरा घरी येशील? हे मला काहीतरी बोललेत आणि म्हणतात, वृंदाला विचार."

मी घाबरतच सिडकोत गेले. काका ओट्यावर बसून कालचा पेपर वाचत होते. घरात वातावरण थंड होतं. काकूंनी मला पाणी दिलं, पोहे दिले, आणि मग पदर खोचून विचारलं, "पब्लिक म्हणजे काय गं?"

"कशातलं, काकू?"

"हे मला चार माणसांत पब्लिक म्हणाले. माझा भाऊ आला होता मालेगावहून, वहिनी होती. त्यांच्यासमोर म्हणाले, निर्मला पब्लिक आहे. बावीस वर्षं संसार केला मी ह्यांचा!"

ओट्यावरून आवाज आला, "अर्धंच सांगते आहे ती!"

"मग पूर्ण सांगा तुम्ही!"

काका आत आले. "अगं, झालं असं की मला हवं होतं मीठ. मी मिसळणाच्या डब्याला हात घातला. तर ही ओरडली, डब्याला हात लावायचा नाही, काय हवं ते मला मागा, मी देते. त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. डबा प्रायव्हेट. आत काय आहे, कुठल्या वाटीत आहे, ते बाहेरच्याला कळायची गरज नाही. मी फक्त मागायचं आणि हिनं द्यायचं. हळद संपली, वाट्या बदलल्या, तरी माझं काही अडत नाही. म्हणून मी आनंदानं म्हणालो, डबा प्रायव्हेट आणि निर्मला पब्लिक फंक्शन. फंक्शन म्हणायच्या आधी हिचा भाऊ उठून उभा राहिला."

मला हसू आवरेना. मी काकूंना सगळं समजावलं. पब्लिक फंक्शन म्हणजे मान आहे, तिच्याशिवाय कुणाचं पानही हलत नाही, असंही थोडं वाढवून सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मग एवढे दिवस हेच शिकताय? डब्याला हात लावू नये हे मी लग्न झाल्यापासून सांगते आहे."

"तू सांगत होतीस," काका म्हणाले, "पण का ते कुठं सांगत होतीस?"

असं एकेक करत आम्ही पुढे सरकत होतो, पण सरकत होतो ते काकांच्या लूनाच्या वेगानं. ऑब्जेक्ट जन्माला घालणारं फंक्शन ते हौसेनं लिहायचे. त्याला मारणारं फंक्शन, म्हणजे डिस्ट्रक्टर, लिहायला मात्र हात धजेना. "चार वाजून गेलेत, दिवेलागण जवळ आली. आत्ता डिस्ट्रक्टर नको." सकाळी लिहा म्हटलं तर सकाळी सकाळी कुणाला मारायचं, असं म्हणाले. परिणामी त्यांच्या सरावाच्या प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्ट जन्माला येत राहिले, मरेना कुणीच. मशीनची मेमरी तुडुंब भरली आणि ते थिजलं. त्याच मशीनवर टिपणीससाहेब मुंबई ऑफिसला पाठवायचा रिपोर्ट काढत होते. साहेब किंचाळत बाहेर आले. "बागूल! काय केलंत?"

"काही केलं नाही, साहेब," काका खरं तेच बोलले. "करायला हवं होतं ते केलं नाही."

शेवटी त्यांनी डिस्ट्रक्टर लिहिला, पण वरती शेरा मारून. प्रोग्रॅममध्ये मशीन वाचत नाही अशा ओळीत त्यांनी लिहिलं, "येतो म्हणावं, जातो म्हणू नये."

तीन महिने संपले. पुण्याचा कन्सल्टंट आला. माझ्याच वयाचा मुलगा, टाय घातलेला, बोलताना घड्याळ बघणारा. परीक्षा दोन तासांची, प्रश्न दहा. काकांनी पहिला प्रश्न वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. दोन तासांनी त्यांच्या कागदावर त्या एका प्रश्नाचं उत्तर होतं, सुवाच्य अक्षरात, समासात कारणांसकट. बाकी नऊ प्रश्न जसेच्या तसे परत.

कन्सल्टंट म्हणाला, "उत्तर करेक्ट आहे. पण शंभरात दहा."

"बाकीचे मी चुकलो का?" काकांनी विचारलं.

"नाही. तुम्ही अटेम्प्टच केले नाहीत."

"मग चुकलो नाही," काका समाधानानं म्हणाले.

टिपणीससाहेबांना हे समाधान परवडणारं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पर्सोनेल ऑफिसर गायधनींनी काकांना बोलावून स्वेच्छानिवृत्तीचे कागद पुढ्यात ठेवले. मी बाहेरच उभी होते, दार उघडं होतं. काकांनी कागद हातात घेतले, मागेपुढे बघितले आणि म्हणाले, "वाचून सांगतो."

"वाचायचंय काय त्यात? सगळ्यांनी सही केलीय."

"सगळ्यांना इंग्रजी येत असेल. मला जरा वेळ लागतो."

स्वेच्छा असल्यामुळे गायधनींना जबरदस्ती करता येत नव्हती. दुपारी काका परत त्यांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, पहिल्या कलमात 'सेवा' म्हटलंय. ही टाइम ऑफिसातली धरून, का नंतरची?" गायधनींनी सांगितलं. काका आभार मानून निघाले. दोन दिवसांनी दुसरं कलम. मग तिसरं. तिसऱ्या कलमावर गाडी चांगलीच अडकली.

"साहेब, इथं लिहिलंय 'आणि / किंवा'. आणि, का किंवा?"

"म्हणजे दोन्ही हो, बागूल."

"दोन्ही कसं असेल? आणि म्हटलं तर दोन्ही अटी लागतात, किंवा म्हटलं तर एक पुरते. मशीनला असं लिहून दिलं तर मशीन घेणार नाही."

गायधनींनी मुंबई ऑफिसला विचारलं. मुंबई ऑफिसनं वकिलाला विचारलं. वकिलाकडून उत्तर यायला कितीतरी आठवडे लागले, आणि ते आलं तर त्यातही एक नवा 'तथापि' होता. काका तो 'तथापि' घेऊन पुन्हा हजर! त्यात बेरकीपणा होता का, असं मला पुष्कळांनी विचारलंय. मी शपथेवर सांगते, नव्हता. माणूस खरोखर समजून घेत होता. एके दिवशी गायधनीच आमच्या सेक्शनमध्ये आले, कपाळाला हात लावून टिपणीससाहेबांना म्हणाले, "तुमच्या बागूलांना माझ्याकडे पाठवू नका. हात जोडतो." मार्च संपला, योजनेची मुदत संपली आणि काका अजून पाचव्या कलमावर होते.

मधल्या काळात शिकवणी चालूच होती. आता तिला ना परीक्षा होती, ना मुदत. नवी सिस्टीम आम्ही बाकीचे लिहीत होतो. काकांकडे फॉक्सप्रोचा जुना पगार होता, नवा तयार होईपर्यंत तो चालवणं भाग होतं. चार वाजले की मात्र ते वही उघडून उभे राहायचे.

एकदा मला राहवलं नाही. "काका, आता कुणी विचारत नाही. मग कशाला एवढा जीव काढता?"

काकांनी वहीच्या पानावरचा कचरा झटकला. मग म्हणाले, "वृंदा, मला आयुष्यात सगळं अर्धवट कळलंय. शाळेत गणित अर्धं कळलं तोवर मास्तर पुढच्या धड्यावर गेले. इंग्रजी अर्धंच. बँकेचं व्याज अर्धं. निर्मला तर पावच. एक तरी गोष्ट पुरती कळू दे म्हणतो. कुठलीही चालली असती. ही समोर आली."

त्या दिवशी चार ते पाचमध्ये त्यांनी मला नावानं हाक मारली, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सगळ्यात जास्त छळलं त्यांना व्हर्च्युअल फंक्शननं. हाक एकच, पण समोर ज्या प्रकारचा ऑब्जेक्ट असेल त्याप्रमाणे काम वेगळं. मी आकृत्या काढल्या. कामगार आणि अधिकारी ह्यांच्या पगाराचं उदाहरण दिलं. काका म्हणायचे, "पण हाक मारणाऱ्याला समोर कोण आहे ते माहीत नको?" मी म्हणायची, "नको, तीच तर गंमत." ते म्हणायचे, "मग ही गंमत मला कळत नाही." पावसाळा गेला, दिवाळी गेली. वैशालीचं लग्न ठरलं. मुलगा घोटीचा, तांदळाच्या व्यापाऱ्याचा, मंडळी चांगली पण मानपानाला जरा हळवी.

लग्न पंचवटीतल्या एका कार्यालयात होतं. आम्ही सगळे सेक्शनवाले गेलो होतो, टिपणीससाहेब अक्षता टाकून उभ्या उभ्या निघायच्या बेतात होते. पहिली पंगत व्याह्यांची. मांडी घालून माणसं बसली, पानं मांडली गेली. वाढपी हातात आपापली भांडी घेऊन ओळीच्या तोंडाशी उभे राहिले. काका डोक्याला फेटा बांधून व्याह्यांशेजारी हात जोडून उभे होते. आचाऱ्यानं दारातून मोठ्यानं आरोळी दिली, "वाढाऽऽ!"

वाढपी निघाले. भातवाल्यानं भात वाढला, वरणवाल्यानं वरण, तूपवाल्यानं तूप. मठ्ठेवाला शेवटी.

काकांचे जोडलेले हात तसेच राहिले. डोळे मोठे झाले. मग पंगतीच्या मधून, पानं चुकवत, ते माझ्याकडे जवळजवळ पळत आले. त्यांना पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"मॅडम! समजनं! माले समजनं!" आनंदात त्यांच्या तोंडून सटाण्याकडची अहिराणी यायची. "आचारी 'भात वाढ' म्हणाला का? 'वरण वाढ' म्हणाला का? नाही! तो फक्त वाढा म्हणाला. ज्याच्या हातात जे भांडं, त्यानं ते वाढलं. कोण कोण उभं आहे हे त्यानं बघितलंसुद्धा नाही. उद्या जिलेबीवाला आणून उभा केला तरी आचाऱ्याची आरोळी तीच! व्हर्च्युअल शे! हाई व्हर्च्युअल शे!"

सगळी पंगत थांबली. व्याही हातातला पहिला घास धरून काकांकडे बघत होते. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "काय म्हणताहेत? जिलेबी उद्या?"

ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. वरपक्षाकडच्या एका मामांनी जाहीर केलं की ठरलेली जिलेबी आज नाही, उद्या देणार म्हणतात. एक आत्या उठून उभ्या राहिल्या. काकू आतून धावत आल्या, नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काय झालं असेल ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी आचाऱ्याकडून जिलेबीची परात स्वतः उचलली आणि व्याह्यांच्या पानात भराभर जिलेब्या वाढत म्हणाल्या, "बसा हो, काही नाही. ह्यांना शिकवणीतलं आठवलं."

"आत्ता?" व्याही म्हणाले.

"गेल्या श्रावणात विचारलं होतं," काकू म्हणाल्या, "उत्तर आत्ता आलं."

दाराशी टिपणीससाहेब थबकले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "वृंदा, ते वाढप्यांचं पुन्हा एकदा सांग. मला कधी... म्हणजे मी आपलं ते धरून चाललो होतो." मग पुढच्या पंगतीला ते चक्क बसले. मांडी घालून, मठ्ठा होईपर्यंत.

त्यानंतर काकांनी नव्या सिस्टीमसाठी ओव्हरटाइमचा एक छोटा भाग लिहिला. कायम कामगार, हंगामी, शिकाऊ, प्रत्येकाचा हिशेब वेगळा आणि हाक एकच. फंक्शनचं नाव त्यांनी इंग्रजी अक्षरांत 'वाढा' असं ठेवलं. लिहायला अर्धं वर्ष लागलं. तो चालला. फार मोठं काही नव्हतं ते. माझ्यासारखीनं आठ-दहा दिवसांत लिहिलं असतं आणि मग पुढे महिनाभर दुरुस्त करत बसली असती.

गंमत पुढेच आहे. सिस्टीम नीट बसून वर्ष झालं नसेल, तोच मुंबई ऑफिसनं ठरवलं की आता बाजारातलं तयार सॉफ्टवेअर घ्यायचं. आमचं सगळं लिहिलेलं गुंडाळून ठेवलं गेलं, 'वाढा'सकट. मी तीन दिवस धुमसत होते. टिपणीससाहेब नव्या सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगला पळाले. काकांना सांगायला मी गेले तर ते जेवत होते.

"तुम्हाला काहीच वाटत नाही, काका?"

"वाटतं ना. लग्नाचं कार्यालय रिकामं करतात तेव्हा वाटतंच." त्यांनी घास पूर्ण चावला. "पण जेवण झालं होतं गं."

मी पुढे पुण्याला नोकरीला गेले. तिथं मी बऱ्याच हुशार मुलांना शिकवलं, आणि व्हर्च्युअल फंक्शनपाशी आले की पंचवटीतल्या त्या पंगतीखेरीज दुसरं उदाहरण कधी दिलं नाही. काका निवृत्त झाल्याचं कुणीतरी फोनवर सांगितलं. निरोपाच्या भाषणात ते उठले, "दोन शब्द बोलतो" म्हणाले, दोन शब्द नीट जुळेपर्यंत बराच वेळ उभे राहिले, आणि मग सगळ्यांना नमस्कार करून बसले, असं कळलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते एका मे महिन्यात. माझी मुलगी सहा वर्षांची होती. सुट्टीत आईकडे आलो की तिला महापालिकेच्या तलावावर पोहायला न्यायचे. सकाळची वेळ, पोरांचा नुसता कल्ला. माझी मुलगी दुसऱ्याच दिवशी काठावरून धाडकन उड्या मारायला लागली होती. तिच्याकडे बघताना माझं लक्ष उथळ बाजूला गेलं. तिथं छातीइतक्या पाण्यात, भिंतीचा लोखंडी गज दोन्ही हातांनी धरून, चष्म्यासकट बागूलकाका उभे होते.

"काका!"

"अगं वृंदा! ये, ये. पाणी छान आहे."

"पोहायला शिकताय?"

"सुरुवात केलीय. जानेवारीपासून येतो."

शिकवणारा तरुण सारखं घड्याळाकडे बघत काठावर उकिडवा बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरचे भाव मला फार ओळखीचे वाटले. "मॅडम, तुम्ही ओळखता ह्यांना? जरा सांगा ना, गज सोडा म्हणावं. बाकीची बॅच केव्हाच खोल पाण्यात गेली."

"सोडतो म्हटलं ना," काका म्हणाले. "पण तू मला अजून सांगितलं नाहीस, माणूस तरंगतो कशानं? तू म्हणतोस, आपोआप. आपोआप काही होत नसतं, सर." हो, त्या पोराला ते सर म्हणत होते.

"आजोबा, सोडल्यावर कळेल!"

"कळल्यावर सोडीन."

पुढे काय होतं ते मला बघायचं होतं, पण मुलगी थंडीनं कुडकुडत टॉवेल मागत होती, तिला घेऊन मला निघावं लागलं. फाटकापाशी मागे वळून पाहिलं. काकांनी गजावरचा उजवा हात सोडला होता. तो पाण्याखाली पसरून ते वाकून त्याच्याकडे बघत होते, बोटं एकेक करून हलवत, पाणी प्रत्येक बोटाला कसं वर उचलतं ते तपासत. शिकवणाऱ्या पोरानं घड्याळाकडे बघणं सोडलं होतं. हळूच तोही काठावरून पाण्यात उतरला, त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि आपला हात पाण्याखाली धरून बघायला लागला.